सिस्टर, डॉक्टरांना सांगू नका

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी ३८ वर्षांची स्टाफ नर्स आहे. इंदूरच्या एका खाजगी रुग्णालयात किमोच्या डे-केअरला असते, नोकरीला १४ वर्षं झाली. लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची) एक चाळिशीतली पेशंट तिच्याकडे दर तीन आठवड्यांनी येते. चौथ्या सायकलच्या दिवशी कॅन्युला लावताना ती हळूच म्हणाली, की महिनाभरापासून सकाळी गुळवेलीचा काढा आणि रात्री मधातून एक पुडी घेते आहे. पुडी नात्यातल्या कुणीतरी एका ‘बाबां’कडून आणलेली. वर म्हणाली, “सिस्टर, डॉक्टरांना सांगू नका, फार ओरडतील.” त्याच दिवशी रिपोर्टात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारा रक्तातला आकडा) वाढलेलं निघालं आणि किमो पुढे ढकलली गेली. आमची ही वाचक गप्प राहिली. तिची कारणं अशी: शब्द दिला होता, इन्चार्ज सिस्टर म्हणतात की आपण औषध द्यायचं, असल्या भानगडीत पडायचं नाही, आणि ती स्वतः २०२० पासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा पिते. “मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि नर्सने या उपचारांच्या बाजूने असावं की विरुद्ध?” असं तिने विचारलं आहे.

तुझं पत्र हाती पडलं त्याच दिवशी मी तुला दोन ओळी कळवल्या होत्या: हे छापून यायची वाट बघू नकोस, पुढच्या रक्त तपासणीआधी डॉक्टरांच्या कानावर घाल. त्या इथे पुन्हा लिहिते, कारण अशाच जागी अडकलेल्या आणखी कितीतरी सिस्टर हे वाचतील. मी स्वतः ३१ वर्षं ड्यूटी केली, त्यातली शेवटची काही वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली. त्या नात्याने तुला ‘तू’च म्हणते, राग मानू नकोस.

आधी त्या शब्दाचं बघू. तू लिहितेस की शब्द दिला. तुझंच पत्र परत वाच. ती म्हणाली “सांगू नका”, आणि तू मान हलवलीस. हातात सुई, समोर किमोने बारीक झालेली व्हेन, अशा वेळी कुणीही मान हलवेल. त्याला वचन म्हणायची गरज नाही. आणि तिने नेमकं काय मागितलं होतं? डॉक्टर ओरडतील ही तिची भीती होती, तिला बोलणी खायची नव्हती. खरंच कुणाला कळू द्यायचं नसतं तर ती तुलाही बोलली नसती. पेशंट अशा गोष्टी कधी सांगतात ते तुलाही ठाऊक आहे: हात आपल्या हातात असतो तेव्हा, ड्रेसिंग चाललेलं असताना, रात्री दोनला बेडपॅन देताना. राउंडला पाच जण उभे असताना कुणी सांगत नाही. तिने तुला ते ओझं दिलं, कारण ते एकटीला पेलत नव्हतं.

आता तुझ्या गप्प राहण्याने तिकडे काय होत असेल ते सांगते. आर-चॉपच्या, म्हणजे लिम्फोमाला देतात त्या किमोच्या, पेशंटचं एसजीपीटी वाढलं की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका हिपॅटायटिस बी जागा झाल्याची येते, कारण आर-चॉपमधल्या रिटुक्सिमॅब या औषधाने तो उसळू शकतो. मग त्याच्या महागड्या तपासण्या. त्यात काही निघालं नाही, तर किमोच्याच एखाद्या औषधावर संशय. त्यातली डॉक्सोरुबिसिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन्ही मुख्यतः यकृतावाटे बाहेर पडतात, म्हणून बिलिरुबिनही (कावीळ दाखवणारा आकडा) वाढलं तर त्यांचा डोस कमी करावा लागतो. म्हणजे काढा आणि पुडी तशीच चालू, आणि ज्या औषधाने तिची गाठ विरघळते आहे तेच कमी. डॉक्टर अंधारात गोळी मारताहेत आणि दिवा तुझ्याकडे आहे. कदाचित दोष काढ्याचा नसेलही. पण ते ठरवायला त्यांना आधी कळायला हवं ना?

माझी एक गोष्ट सांगते. नोकरी लागून चारेक वर्षं झाली होती. मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा ऑपरेशनसाठी दाखल होते. चादर बदलताना उशीखाली निळ्या कागदाच्या दहा-बारा पुड्या सापडल्या. आजी म्हणाल्या, “गुडघ्याचं देशी औषध आहे हो, दोन वर्षं घेतात, फार गुण आहे.” मी त्या पुड्या रुमालात बांधून आजींच्या हातात दिल्या आणि म्हटलं, “घरी न्या, इथे चालत नाही.” मला वाटलं, मी नियम पाळला. ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या रात्री आजोबांचं बीपी ७० वर आलं. सलाईन लावलं तरी चढेना. सगळे रक्तस्राव शोधत होते. पहाटे एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, “हे आधी काही घेत होते का?” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ती निळी पुडी लखलखली. त्यात स्टिरॉइड कालवलेलं होतं. दोन वर्षं रोज स्टिरॉइड खाणाऱ्याचं ते एकदम बंद केलं की शरीर कोसळतं. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिल्यावर आजोबा सावरले. केसपेपरवर मी एक ओळ लिहिली असती तर ती रात्र टळली असती. तो निळा कागद अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून त्या बाबांच्या पुडीची मला काढ्यापेक्षा जास्त काळजी आहे. असल्या पुडीत धातूचं भस्म असू शकतं, आणि शास्त्रोक्त भस्म करणं हे शोधन-मारणाचं, पुटांवर पुटं देण्याचं, म्हणजे धातू शुद्ध करून पुन्हा पुन्हा भाजण्याचं काम असतं. लेबल नसलेल्या पुडीत ते झालंय की नाही हे कुणाला सांगता येणार? अमेरिकेतल्या बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, आणि ती तर डब्यात बंद, नाव छापलेली होती. तुझ्या पेशंटला आर-चॉपमध्ये पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असतंच. पुडीतही स्टिरॉइड असेल, तर ते दुप्पट होतं आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

आता गुळवेल. घरोघरी कडुनिंबावर चढलेली वेल, आपल्या आजीनेही ताप आला की दिलेली. तीच वेल करोनाच्या काळात लोकांनी महिनोन्‌महिने रोज प्यायली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी. पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांतून मिळून अशा ४३ पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली. वाद काहीही असो, तुझ्या पेशंटच्या बाबतीत दोन्हीकडून एकच निघतं. वेल खरी असेल तर यकृताचा प्रश्न. आणि सियागंजच्या बाजारातून आणलेल्या वाळक्या कांड्यांमध्ये दुसरीच वेल आली असेल, तर मग ती काय पिते आहे तेच आपल्याला माहीत नाही. शिवाय गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते म्हणून तर लोक घेतात, आणि इथे तर त्या प्रतिकारशक्तीच्याच पेशींचा कॅन्सर आहे. तेव्हा हा निर्णय घरच्या घरी व्हायचा नाही.

इथे तू म्हणशील, मग मी स्वतः पिते त्याचं काय? तू स्वतःला दुटप्पी म्हणवून घेतलंस ते वाचून मला वाईट वाटलं. तू दुटप्पी नाहीस. या उपचारांकडे नर्सेसचा कल कसा असतो, याच्या जगभरात पाहण्या झाल्या आहेत, आणि त्यांत वारंवार हेच चित्र दिसतं: बहुतेकींचा कल अनुकूल, कित्येकी स्वतः घेतात, पण धोके-फायदे नीट शिकवलेले नसतात, म्हणून पेशंटने विषय काढला की अवघडतात. आपण ज्या घरांत वाढलो तिथे सर्दीला आल्याचा काढा, पोटात दुखलं की ओवा, बाळंतिणीला शेक-शेगडी. पांढरा कोट चढवला म्हणून ते अंगातून निघून जात नाही, आणि जायचं कारणही नाही.

चूक आहे ती तुझ्या प्रश्नाच्या मांडणीत. “बाजूने की विरुद्ध?” असं विचारलंस. नर्सला हा प्रश्न पडावा असं मला वाटत नाही. आपल्याला एवढंच विचारायचं असतं: काय घेतो, किती, कशाबरोबर, कुणी दिलं, कधीपासून? हे आपण पॅरासिटामोललाही विचारतोच की.

आणि बाजू घ्यायचीच म्हटली तर फसगत होते, कशी ते बघ. तुझ्या डे-केअरमध्ये रोज मिनीबॅगमधून जाणारं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून येतं. इंदूरमधल्या राजेंद्र नगरच्या निम्म्या अंगणांत, तुळशीशेजारी फुललेली असते तीच सदाफुली. तिची पानं मधुमेहावर चांगली, असा समज अनेक देशांत होता. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तेच तपासायला घेतलं. साखर काही उतरेना, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती लागलं, आणि १९६३ मध्ये व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे झाडपाल्यात काही नसतं म्हणणारे चुकले, आणि मधुमेहाला देणारेही चुकले. आता हेच कुणाच्या तरी सासूबाई ऐकतात आणि सुनेला सकाळी सदाफुलीची पानं वाटून देतात, “कॅन्सरचं औषध यातूनच तर करतात.” तुम्ही व्हिन्क्रिस्टिनचा डोस दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही, दोघी-दोघी तपासून देता. आणि घरी पाट्यावर किती वाटलं त्याचा हिशोब कुणाकडेच नाही. सासूबाईंचा जीव तुटतो म्हणून त्या देतात. त्यांना हसू नकोस. ही गोष्ट त्यांना सांग, त्यांना ती पटेल.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पेशंटला आजच फोन कर, किंवा डे-केअरच्या नंबरवरून करवून घे. तिला म्हण, “ताई, तुम्ही मला विश्वासाने सांगितलंत. पण हे मी माझ्याजवळ ठेवू शकत नाही, तुमच्या रिपोर्टशी त्याचा संबंध असू शकतो. आपण दोघी मिळून डॉक्टरांना सांगू, बोलायला मी सुरुवात करते.” एवढं झालं की दहातल्या नऊ जणी तयार होतात. ती तयार झालीच नाही, तरी तू सांगायचंच. मात्र तिच्या पाठीमागे नाही. “मी सांगणार आहे” हे तिला आधी सांगून मग. पुडी आणि काढ्याची कांडी, दोन्ही पिशवीत घालून आणायला सांग. आणि फोनवर तू होऊन “सगळं एकदम बंद करा” म्हणू नकोस. आजोबांची गोष्ट आठव. पुडीत काय आहे हे कळेपर्यंत कसं थांबवायचं ते डॉक्टरच ठरवतील, म्हणून तर त्यांना त्याच दिवशी कळायला हवं.

डॉक्टरांशी बोलताना तुझं मत लावू नकोस. तारखा लाव. “मॅडम, बेड चारच्या पेशंट महिनाभर गुळवेल काढा आणि बिनलेबलची पुडी घेताहेत. सुरू केल्यानंतरच्या रिपोर्टात एसजीपीटी वाढलंय. सोबत आणलंय.” तीन वाक्यं. नर्सेस नोट्समध्ये हेच तारीख-वेळ घालून लिही. आणि एक विनंती कर: “त्यांना रागावू नका, रागावलात तर पुढच्या वेळी मलाही सांगणार नाहीत.” मी हे वाक्य अनेक डॉक्टरांना म्हटलंय. एखादा तडकला असेल, पण बहुतेकांनी ऐकलं.

इन्चार्ज सिस्टर म्हणतात भानगडीत पडू नका. त्यांची भीती मला कळते. उद्या नातेवाईक म्हणाले की सिस्टरने आमचं औषध बंद करायला लावलं, तर झेंगट त्यांच्या गळ्यात. पण औषध सुरू किंवा बंद करायला सांगणं वेगळं आणि नोंद घेणं वेगळं. पहिलं आपलं काम नाही हे त्यांचं बरोबर आहे. दुसरं आपलंच काम आहे. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा एक मागणी कर: दाखल करतानाच्या फॉर्मवर अॅलर्जीच्या रकान्याखाली एक ओळ वाढवू या, ‘इतर औषधं: आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, घरगुती, जडीबुटी’. आणि प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला आरोप वाटू नये. “कुछ देसी तो नहीं ले रहीं?” म्हटलं की उत्तर “नहीं” येणारच. “हमारी दवाई के साथ घर पर और क्या-क्या चल रहा है?” म्हटलं की बाई काढ्यापासून ताईतापर्यंत सगळं सांगते. करून बघ.

एखाद्या औषधाने त्रास झाल्याचा संशय आला तर नर्सही कळवू शकते, त्यासाठी डॉक्टरच हवा असं नाही. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदणीचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे.

ज्या घरांना आयुर्वेद हवाच आहे त्यांना तोडून बोलू नकोस. त्यांना म्हण, मग रीतसर करा. आपल्याकडे इंदूरच्या लोकमान्य नगरात शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे किमोची फाइल घेऊन जा. नोंदणीकृत वैद्य काय देतात ते लिहून आणा, आमच्या डॉक्टरांना दाखवा. डब्यावर घटक, बॅच नंबर, उत्पादनाचा परवाना नंबर आहे का बघा. ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असं छापलेलं असेल तर त्यात विषारी वर्गातलं द्रव्य आहे असं समजा. आणि “कॅन्सर बरा करतो” अशी जाहिरात करणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा, तशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

कुणी किमोच सोडायच्या गोष्टी करू लागलं, तर मात्र मऊ बोलायचं पण ठाम राहायचं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे, नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणारे २८१ पेशंट तपासले. त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त. त्याच मंडळींनी २०१८ मध्ये दुसरा अभ्यास दिला, दोन्ही एकदम घेणाऱ्यांचा. त्यांचाही धोका दुप्पट होता, आणि त्याचा संबंध जोडला गेला तो किमो, रेडिएशन किंवा ऑपरेशन यांतलं एखादं टाळण्याशी. काढ्याचा खरा धोका बऱ्याचदा असा असतो. तो प्यायल्यावर माणसाला वाटतं, आता किमोची एखादी फेरी चुकली तरी चालेल.

तुझ्या हातात देण्यासारखंही बरंच आहे, तिथे कंजूषी करू नकोस. मळमळीला मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराच्या दिशेला तीन बोटं, दोन कंडरांच्या (ताठ दोऱ्यांसारख्या लागतात त्यांच्या) मध्ये दाबणं याने कित्येकांना बरं वाटतं आणि त्रास काही होत नाही, फक्त कॅन्युलाचा हात सोडून. डॉक्टरांना विचारून हलकी आसनं, संथ श्वास, शवासन. डोक्याला हलक्या हाताने तेल. प्लेटलेट कमी असताना रगडून मालिश मात्र नको. व्हिन्क्रिस्टिनने पायांना बधिरपणा येतो, तेव्हा घरचे गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात आणि तळव्याला फोड येतो तरी बाईला कळत नाही. हे आवर्जून सांग. बद्धकोष्ठही त्यानेच होतं, आतडं सुस्तावतं. त्यावर कमी पाण्यात घेतलेला इसबगोल आणखी अडकून बसतो. सोनामुखी, त्रिफळा घेण्याआधी विचारा म्हणावं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गव्हांकुराचा कच्चा रस नको, त्यातून जंतू जातात. जेवणातली हळद, आलं, लसूण खुशाल खाऊ दे. कॅप्सूल झाली की ते औषध, मग यादीत लिहायचं.

आणखी एक. पत्रात तू ओझरतं लिहिलंस की तुमच्यातली एक जण नातेवाइकांना ताकदीच्या रसाच्या बाटल्या विकते. तिला सांग, बंद कर. युनिफॉर्म घालून विकलेली बाटली पेशंटला डॉक्टरांनी दिल्यासारखीच वाटते.

राहिला तुझा काढा. पाच-सहा वर्षं रोज, एकदाही रक्त न तपासता. तुमच्याकडे स्टाफचं हेल्थ चेकअप असेलच. त्यात एसजीपीटी करून घे, आणि फॉर्मवर ‘सध्या चालू औषधे’ असा रकाना असतो, जो आपण सगळ्या जणी रिकामा सोडतो, तिथे तुझ्या अक्षरात लिही: गुळवेल काढा, रोज सकाळी, अर्धा कप, २०२० पासून.